चार कोण म्हणतंय

किनुए त्सुजिमोतोबद्दल सांगण्यासारखं काय आहे, असं तिच्या कारखान्यातलं कुणीही म्हणेल. बुटकी, रुंद हाडाची, बोलायला बेताची. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत एकट्या फुसाएनं केली आणि तिलाही उत्तर मिळालं नाही. ओसाकाच्या तेम्मा भागात नदीकाठी थर्मासचा एक जुना कारखाना होता, तिथं किनुएनं बत्तीस वर्षं बाटल्या ऐकल्या. ऐकल्याच. थर्मासच्या आत काचेची दुपदरी बाटली असते आणि दोन पदरांमधली हवा काढून घेतलेली असते. ती नीट निघाली असेल तर बाटलीचं तोंड कानाला लावल्यावर आत खोल कुठेतरी घूं असा आवाज येतो. हवा राहिली असेल तर बाटली मुकी. तपासायला पुढे यंत्रं आली, पण यंत्रानं पास केलेल्या बाटलीलाही एकदा बाईचा कान लागल्याशिवाय तिला बाहेरची वाट मिळत नसे. दिवसाला आठशे बाटल्या एकेका कानाला.

फुसाए तिच्याच दिवशी नोकरीला लागली, लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी. बॉम्बच्या दणक्यानं फुसाएचा डावा कान गेलेला होता. म्हणून ती कुठेही उभी राहताना बोलणारं माणूस आपल्या उजवीकडे येईल असं बघायची. पहिल्या दिवशी नव्या बायकांची रांग लावली तेव्हा ती सरकत सरकत किनुएच्या डाव्या हाताला येऊन थांबली आणि पुढे एकतीस वर्षं तिथून हलली नाही. ही जागा कुणी ठरवून दिली नव्हती. चार माणसं एकत्र कामाला लागली की जागा अशाच ठरतात. पहिल्या दिवशी जो जिथं टेकला तिथं त्याचं मूळ धरतं, आणि मग ते उपटायचं म्हणजे मोठं काम होऊन बसतं.

मग एका वर्षी वरून फर्मान आलं की प्रत्येक कामगार कुठल्या ना कुठल्या मंडळात पाहिजे. पाच-सात जणांचं मंडळ, त्याला स्वतःचं नाव, कामानंतर अर्धा तास बैठक, आणि बैठकीत काम सुधारायचा विचार. साहेब लोकांना वाटलं आपण मंडळं काढली. मंडळं आधीपासूनच होती, साहेबांनी फक्त त्यांची नावं फळ्यावर ठोकली. तपासणीच्या खोलीतल्या सहा बायका डबा एकत्र खायच्या, त्यांचं मंडळ झालं. नाव ‘सुझुमे’, म्हणजे चिमण्या, कारण त्यांच्या कलकलाटाला पलीकडचे भट्टीवाले तेच म्हणायचे.

या चिमण्यांची म्होरकी शिमोदा हिसाको. तिला सगळ्या नेसान म्हणत, थोरली बहीण या अर्थानं, आणि तीही थोरलीसारखीच वागायची: आधी झापायचं, मग आपल्या डब्यातलं वाढायचं. दुसरी मासु, बारीक अंगाची, सतत माफी मागणारी. तिसरी किनुए, चौथी फुसाए. पाचवी आणि सहावी योशिए आणि तोमिए, सख्ख्या जावा, घरी भांडून यायच्या आणि कारखान्यात एका सुरात बोलायच्या. बाकाच्या कडेला जुन्या मोज्यांची पट्टी शिवायची कल्पना फुसाएची. त्या पट्टीनं बाटल्यांचे टवके उडायचे थांबले आणि चिमण्यांना सगळ्या मंडळांच्या शरदातल्या मेळाव्यात चांदीचा पेला मिळाला. सुवर्णपेला राहिला होता. नेसानची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि त्याआधी तो पेला हातात धरायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं.

रोज सकाळी आठला पाच कमी असताना भोंगा व्हायचा. मंडळं अंगणात आपापले गोल करून उभी राहायची आणि नंबर बोलायची. नेसान म्हणणार “एक”, मान झटकन डावीकडे. मासु “दोन”, मान डावीकडे. असा नंबर मानेनं पुढच्याच्या हवाली करायचा. मग सगळ्यांनी उजवे हात एकावर एक ठेवायचे, “आज अपघात शून्य” म्हणायचं आणि कामाला लागायचं. किनुएनं “तीन” म्हणून मान वळवली की समोर फुसाएचा चेहरा. जाडसर, उघडा, बाजारात हाका मारणाऱ्या बाईसारखा आवाज: “चार.” किनुएच्या घरी सकाळी तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. दिवसातला पहिला माणसाचा शब्द तिला तो ऐकू यायचा. तिच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब मांडायचा तर तो त्या एका शब्दात मावला असता, आणि हे तिला ठाऊक होतं.

फुसाए त्रेपन्नाव्या वर्षी फेब्रुवारीत पोटाच्या दुखण्यानं गेली. दवाखान्यात शेवटी तिला भेटायला जायची परवानगी एकाच माणसाला होती, आणि मागे कुणीच नसल्यानं ते माणूस किनुए होतं. फुसाएचा नवरा कधीचाच गेलेला. मुलगा एकच, नोबु, तोही लढाईनंतरच्या हगवणीत तीन वर्षांचा होऊन गेला होता. शेवटच्या दिवसांत ती नोबुबद्दल बोलली नाही. बाटल्यांच्या घडवंचीबद्दल बोलली.

“मागची फळी बोटभर खाली घे, किनु-चान. बाटली आपण होऊन तुझ्याकडे बघेल. मान वळवायला नको. बैठकीत सांगीन म्हणत होते.”

“तूच सांग बरी होऊन.”

“सांगीन की. दुसरं कोण सांगणार?”

अंत्यसंस्कार झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. पाच जणींनी गोल केला. फुसाएच्या जागी एका माणसाएवढी फट राहिली. ती मिटवावी असं कुणालाच सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी पाय हलले नसते. “एक.” “दोन.” “तीन,” किनुए म्हणाली आणि सवयीनं मान डावीकडे गेली. समोर फट, फटीतून दिसणारी भट्टीची भिंत.

“चार.”

“पाच,” योशिए म्हणाली. “सहा,” तोमिए म्हणाली. हात एकावर एक पडले. सगळ्या कामाला लागल्या.

किनुएला वाटलं, मासु म्हणाली असेल. मासुचं मन हळवं, मेलेल्या मैत्रिणीची जागा रिकामी जाऊ नये म्हणून हळूच म्हणाली असेल. किती चांगली आहे मासु. दुसऱ्या दिवशीही “चार” आलं, तिसऱ्या दिवशीही. किनुएनं विचारलं नाही. विचारायचं कसं? जिनं मायेनं केलं तिला उघडं पाडल्यासारखं झालं असतं. बाकीच्या चौघींचंही हेच चाललं होतं, पण ते पुढे कळलं. आमच्याकडे एकमेकांची लाज राखायची एवढी सवय आहे की त्या लाजेच्या आड कोण येऊन उभं राहील, याचा नेम नाही.

चाळीस दिवस असं चाललं. हात ठेवताना किनुए मान खाली घालायची. आपल्या हातावर किती हात आहेत ते ती मोजत नव्हती. एक हात इतरांपेक्षा थंड असायचा, पण मार्च महिना होता, सगळ्यांचेच हात थंड असणार, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

एप्रिलमध्ये विभागाचे कामेदा साहेब एका बाईला घेऊन आले. मेळाव्यात उतरायला मंडळात सहा जण लागतात असा नियम होता, आणि सुवर्णपेल्याचा त्यांनाही सोस होता. बाईचं नाव हिरानो चिगुसा. वय चौतीस, बंद पडलेल्या शाखेतून बदलून आलेली, नवरा नाही, एक मुलगी. उंच, काटकुळी, हळू बोलणारी आणि डावखुरी. तिनं बाटली डाव्या हातानं उचलली, डाव्या कानाला लावली, तसा सगळ्या खोलीला काहीतरी उलटं झाल्यासारखं वाटलं.

चिमण्यांनी तिचं स्वागत मनापासून केलं. हे खरंच सांगायला हवं, त्या वाईट बायका नव्हत्या. तिला फुसाएचं स्टूल दिलं, कारण ते रिकामंच होतं. फुसाएचा अंगरखा दिला, नवा यायला महिना लागला असता. फुसाएचा लाल पर्सिमन फळाच्या चित्राचा कप खुंटीवर होता, तो दिला. अंगरख्याच्या बाह्या तिला आखूड झाल्या तेव्हा नेसान म्हणाली, “अगं, थोडी वाकून काम कर, बरोबर बसतील.” आणि चिगुसा वाकून काम करू लागली. अंगणातल्या फटीत तिला उभं केलं.

“चार,” ती पहिल्या दिवशी म्हणाली, एक क्षण उशिरा.

“औषध घेतल्यासारखं काय म्हणतेस?” नेसान. “छातीतून टाक. आम्ही म्हणतो त्या लयीत.”

“हो, नेसान. माफ करा.”

“आणि उजवा हात वापर बाई. तुझं कोपर मासुच्या कोपराला लागतंय. तिच्या हातातल्या बाटलीचा आज कपाळमोक्ष झाला असता.”

“माझंच चुकलं,” मासु म्हणाली, कारण ती तेच म्हणायची.

पहिले काही दिवस किनुएला एक गोष्ट जाणवली, आणि तिनं ती कुणाला सांगितली नाही. चिगुसाचं “चार” उशिरा यायचं, पण त्याआधी, लयीत, अगदी वेळेवर, दुसरं एक “चार” यायचं. मग हळूहळू दोन्ही आवाज जवळ आले. मे महिन्याच्या शेवटी एकच ऐकू येऊ लागलं. जाडसर, उघडं, बाजारात हाका मारणाऱ्या बाईसारखं. नेसाननं मान डोलावली. “बघ, जमलं की नाही? सहा महिने लागतात लोकांना.”

त्या दिवशी किनुए दिवसभर खूश होती. या गोष्टीसाठी तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

जूनच्या बैठकीत सगळ्या चहा पीत बसल्या होत्या. मेळाव्यासाठी सुधारणा काय दाखवायची यावर जावा-जावांची तीच ती रटाळ चर्चा चालली होती. चिगुसानं उजव्या हातानं पर्सिमनचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “मागची फळी बोटभर खाली घ्यायची. बाटली आपण होऊन आपल्याकडे बघेल. मान वळवायला नको.”

नेसाननं टाळी वाजवली. योशिए आणि तोमिए म्हणाल्या, “काय डोकं आहे.” मासुला भरून आलं. किनुए उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि रडली. दवाखान्यातलं ते बोलणं तिच्याशिवाय कुणीही ऐकलं नव्हतं. ती भीतीनं रडत होती असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती आनंदानं रडत होती. आपली माणसं परत येत नाहीत, हे ती लहानपणापासून शिकत आली होती, आणि इथं एक परत आलं होतं.

जुलैत चिगुसाच्या उजव्या अंगठ्याला काच लागली. नखाखाली आडवी, फुसाएच्या अंगठ्यावर जुना व्रण होता तिथंच. हा या कामातला नेहमीचा घाव, निम्म्या बायकांना तो असतो, त्यात नवल नव्हतं. पण चिगुसा आता बोलणाऱ्याकडे उजवा कान करायची. डावीकडून हाक मारली तर तिला ऐकू जात नसे. आणि ती बुटकी दिसू लागली होती. अंगरख्याच्या बाह्या मनगटापर्यंत पोचल्या होत्या.

सप्टेंबरात कारखान्याचा क्रीडादिन नदीकाठच्या मैदानावर झाला. चिगुसा दोरीखेचीत गेली आणि तिची मुलगी मिओ, सात वर्षांची, चटईवर किनुएजवळ बसली. किनुएनं तिला भाताचा गोळा दिला. पोरीनं तो हातात धरला, खाल्ला नाही.

“काकू, आमची आई तुमच्याकडे काय काम करते?”

“बाटल्या ऐकते. का गं?”

“आधी ती माझ्या डब्यात रोज ससा काढून ठेवायची. कागदावर. डाव्या हातानं. आता म्हणते मला ससा येत नाही.”

“दमत असेल.”

“आणि मला नोबु म्हणते.” मिओनं मैदानाकडे बघितलं. “मी म्हटलं मी मिओ. तर म्हणाली, असू दे, जेव तू, नोबु. कोण आहे नोबु?”

चिमण्यांमध्येही नोबुचं नाव कुणाला माहीत नव्हतं. फुसाएनं ते एकतीस वर्षांत दोनदाच उच्चारलं होतं, दोन्ही वेळा किनुएपाशी. मैदानात दोरीला लटकलेली सहावी बाई मागून अगदी फुसाए दिसत होती, तशीच ठेंगणी, तशीच पाय फेंगडे रोवून उभी. पोर त्या बाईकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत आपल्या आईला गर्दीत शोधणाऱ्या मुलाची नजर होती. आई समोर असताना.

“मी बघते,” किनुए म्हणाली. “ससा परत येईल. तू खा.”

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तिनं, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः होऊन विषय काढला.

“फुसाए गेल्यावर ते चाळीस दिवस. चार कोण म्हणत होतं?”

कप जागच्या जागी थांबले.

“तू ना?” मासु पुटपुटली. “माफ कर, मला वाटलं तू म्हणतेस. तू तिच्या शेजारी.”

“मला वाटलं मासु,” नेसान म्हणाली.

“आम्हाला वाटलं नेसान,” जावा एका सुरात म्हणाल्या, आणि मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

पलीकडच्या खोलीत एक बाटली फुटली, अशी बाटली फुटताना बार उडाल्यासारखा आवाज होतो. मासु दचकली. नेसाननं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप पुसायला लागली.

“जे झालं ते झालं. आता जागा भरली आहे ना? मग झालं तर. महिन्यावर मेळावा आलाय.”

“नेसान, पण ही चिगुसा आहे. हिला स्वतःचं—”

“किनु-चान.”

चिगुसानं मान वळवली होती, उजवा कान पुढे. चेहरा चिगुसाचाच होता, चौतीस वर्षांचा, पण तो कुणीतरी आतून नीट धरून ठेवलेला होता. “उगाच कशाला उकरून काढतेस, किनु-चान? चांगलं चाललंय की.”

लाडानं किनु-चान म्हणणारं जगात एकच माणूस होतं. बाकीच्यांनी ते ऐकलं. नेसाननं ऐकलं, तिच्या हातातलं फडकं थांबलं. आणि मग, हे किनुए मरेपर्यंत विसरली नाही, फडकं पुन्हा चालू झालं. मंडळ मोडण्यापेक्षा ते त्यांना सोपं होतं. माणसाचं असंच असतं. एकटा असता तर किंचाळत पळाला असता. सहा जणांत असला की शेजारच्याकडे बघतो, शेजारचा बसलाय म्हणून बसतो.

त्या महिन्यात किनुएनं बारकाईनं बघितलं की हे घडतं कुठून. ती बाटल्या ऐकणारी बाई, तिला उगम शोधायची सवय. आणि तिला सापडलं ते तिच्याच मानेत. “तीन” म्हणून ती डावीकडे वळायची, एकतीस वर्षं वळली होती, आणि त्या वळण्यात फुसाएला बोलावणं होतं. तिचं ते वळणं चिगुसाकडे कधीच नव्हतं. चिगुसाच्या तोंडाकडे बघत ती रोज सकाळी दुसऱ्याच बाईची वाट बघत होती. नेसानला लय हवी होती, साहेबांना सहावा माणूस हवा होता, पण फुसाए हवी होती ती एकट्या किनुएला. बाकीच्यांनी जागा दिली. हाक तिनं मारली होती.

हाक थांबवायची म्हणजे काय सोडायचं, हे तिला नीट कळत होतं. मंडळाबाहेर तिला कुणी नव्हतं. तिनं दोनदा ठरवलं आणि दोन्ही सकाळी “चार” ऐकून घेतलं. एकदा, अजून एकदा, म्हणत मेळाव्याचा दिवस आला.

त्या सकाळी अंगणात पाहुणे होते. दुसऱ्या कारखान्यांतले साहेब, कागद घेतलेले परीक्षक. चिमण्यांचा गोल मधोमध. भोंगा झाला.

“एक,” नेसान.

“दोन,” मासु.

किनुए समोर बघत राहिली. मान हलवली नाही. तोंड मिटून घेतलं.

सगळं अंगण थांबलं. इतर मंडळांचे नंबर संपत आले होते, त्यामुळे शांतता जास्तच ऐकू आली. कामेदा साहेबांनी हातातला कागद खाली घेतला. नेसानचे कान लाल झाले.

“पुन्हा. एक.”

“दोन,” मासु रडवेली म्हणाली.

किनुए गप्प. तिच्या डाव्या गालाकडे कुणीतरी अगदी जवळून बघत असल्यासारखं झालं. थंड श्वास लागला. फुसाएच्या अंगाला धुण्याच्या साबणाचा वास यायचा, तो आला. मान वळवली असती तर समोर ती दिसली असती, याबद्दल किनुएला जराही शंका नव्हती. तिची मान दुखायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं, तिनं ते पुसलं नाही.

“किनुए, काय थट्टा लावलीस?” नेसान दातांतून म्हणाली. “शेवटचं. एक.”

“दोन.”

काहीच नाही. चिगुसाचं तोंड उघडं होतं, आवाजाची वाट बघत असल्यासारखं, आणि आवाज येत नव्हता. मग ते मिटलं. तिनं आजूबाजूला बघितलं, अंगणाकडे, पाहुण्यांकडे, स्वतःच्या आखूड बाह्यांकडे. आखूड. मनगटं बाहेर आली होती. आणि मग तिनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. डावा.

“माफ करा,” ती हळू, आपल्या आवाजात म्हणाली. “माझा नंबर कितवा?”

“तिसरा,” किनुए म्हणाली. “मी निघाले.” आणि ती एक पाऊल मागे सरकून गोलाच्या बाहेर गेली. गोल आपोआप मिटला. माणसाची जागा रिकामी राहिली की शेजारी सरकतात, ते फेब्रुवारीतच व्हायला हवं होतं.

“तीन,” चिगुसा म्हणाली, एक क्षण उशिरा.

“चार,” योशिए शेंबड्या आवाजात म्हणाली. “पाच,” तोमिए म्हणाली. पाचच झाल्या. परीक्षकानं कागदावर काहीतरी खोडलं.

चिमण्यांनी किनुएला माफ केलं नाही. मेळावा गेला, पेला गेला, हिवाळ्यात मंडळ मोडून दोन मंडळांत वाटलं गेलं. नेसान निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या रांगेत ती किनुएसमोर येऊन थांबली, तिच्याकडे बघितलं आणि पुढच्या बाईचा हात धरला. किनुएला बांधणीच्या खोलीत टाकलं. तिथं ती पुठ्ठ्याचे खोके दुमडायची, भिंतीकडे तोंड करून. डबा एकटीनं खायची. कुणी त्रास दिला नाही. नुसतं कुणी तिच्या बाजूला बसलं नाही, तीन वर्षं. सकाळी भोंग्याला ती खोक्यांपाशी उभी राहायची आणि दात आवळून धरायची, एक शब्द तोंडातून निसटू नये म्हणून. अंगणात चिगुसा होती. आपल्याकडून तिथं हाक जाता कामा नये, एवढंच तिचं काम उरलं होतं, आणि ते तिनं बाटल्यांइतकंच चोख केलं.

पंचावन्नाव्या वर्षी ती निवृत्त झाली. फाटकापाशी चिगुसा एकटी उभी होती, मिओला घेऊन. पोरगी उंच झाली होती. चिगुसानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात दिलं, डाव्या हातानं.

“हा माझा नव्हता,” ती म्हणाली. “कधीचा द्यायचा होता.”

घरी येऊन किनुएनं कागद सोडला. पर्सिमनचं चित्र काठाला थोडं पुसट झालं होतं. सोबत एक चिठ्ठी होती, तिच्यावर ससा काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात मोरीपाशी उभी होती. तिचं घर कारखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, भोंगा तिथं स्पष्ट ऐकू यायचा. आठला पाच कमी असताना तो झाला. तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं. आता इथं कुणाची जागा जात नव्हती. कुणाची आई जात नव्हती. तिनं अंगावरचा एप्रन सारखा केला, सरळ उभी राहिली, मनात दोन जणींचे नंबर होऊ दिले.

“तीन,” ती म्हणाली, आणि मान डावीकडे वळवली.

उत्तर लयीत आलं, जराही उशीर न होता. किनुएनं मोरीपासून थोडं उजवीकडे सरकून दोघींना पुरेल एवढी जागा केली आणि खुंटीवरचा पर्सिमनचा कप काढला.